उसना बाजार

"जिलेबी ताजी दिसली पाहिजे," साहेबराव म्हणाले, तसा जिलेबीवाल्यानं कालच्या जिलेबीवर कढत पाक ओतला.

माळशिंगीच्या मारुतीपुढं शुक्रवारचा बाजार भरत होता आणि वार होता मंगळवार. पाहुण्यांना शुक्रवारी सवड नव्हती. तालुक्याहून टेम्पो भरून भाजीवाले आले होते, भांडीवाला आला होता, कुठल्याशा उरुसातला लाकडी पाळणाही उचलून आणला होता. पाळण्यात बसायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सोडून दिली होती. टोपल्यांत वरच्या थराला वांगी आणि खाली उसाचं पाचट. मी देवळाच्या पायरीपाशी चटई टाकली, बांगड्यांच्या माळा सोडल्या आणि हा सगळा सोहळा बघत बसले. आम्हा कासारांचं निम्मं आयुष्य बाजारात बसून माणसं बघण्यात जातं, पण माणसांनी बाजाराचं सोंग घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबराव मोकाशे म्हणजे आमचे माजी सरपंच, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष आणि अलीकडचे हरणांचे मोठे कैवारी. पूर्वी हेच गृहस्थ शेतातली काळविटं उठवायला गावाला फटाके वाटायचे. मग बाहेरची एक संस्था आली. माळावरची कोरडवाहू जमीन विकत घ्यायची, नांगर बंद करून तिथं पुन्हा गवत वाढवायचं, काळवीट आणि माळढोक सुखानं नांदवायचे, असं तिचं म्हणणं. सरकारनं भोवतीनं अभयारण्य जाहीर केलं आणि जमीनमालक आणि संस्था यांच्या मधे साहेबराव जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मुक्या जनावरांची कणव आली. दोन्हीकडून दलाली घेतल्यावर कणव चांगलीच घट्ट होते.

मला हरणांचा राग कधीच नव्हता. पहाटे माळावर कळप उभा असला की हात आपोआप जोडले जायचे. पण ज्यांच्या जमिनी होत्या ते मोबदला घेऊन तालुक्याला राहायला गेले, फरशीच्या घरात. आणि ज्यांच्या जमिनी कधी नव्हत्याच त्यांचं काय गेलं, असं साहेबराव पारावर बसून हसत विचारायचे. काय गेलं ते माझ्या चटईवर दिसत होतं. शाळू गेला, तशी खुरपणी गेली, काढणी गेली. विळा लागेना म्हणून लोहारानं भाता गुंडाळला. कडबा न्यायला ट्रक येईनात, म्हणून फाट्यावरची भज्यांची कढई उतरली. डाळीची गिरणी बंद पडली, तशी आसपासच्या वाड्यांची माणसं बाजाराकडं फिरकेनात. सुगी उरकली की रानातल्या बाया रांगेनं माझ्यापुढं हात करायच्या, त्या आता लांबूनच "काकू, बरं हाय ना?" विचारून पुढं जायच्या. हात पदराखाली.

हे सगळ्यांत आधी कळलं ते आमच्या धोंडोबुवांना. बुवा दर एकादशीला शेजारच्या गावाहून चालत यायचे, मारुतीपुढं कीर्तनाला उभे राहायचे. मी एक कीर्तन चुकवलं नाही. बुवांचा आवाज काही गोड नव्हता, पण ते देवाचं नाव घ्यायचे तेव्हा घरातल्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटायचं. नामाचा गजर चढला की बाया टाळ्या धरायच्या आणि टाळ्यांबरोबर काच वाजायची. बुवा म्हणायचे, पुढं माझे टाळकरी दहा आहेत आणि मागं शंभर. मग एका एकादशीला गजर चढला तरी मागून नुसत्या कोरड्या टाळ्या आल्या. बुवांनी एकदा बायांकडं पाहिलं आणि मान खाली घालून पुढं चालू ठेवलं.

बाकीची मजूर घरं दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायला आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायला लागली होती. एक सोजर तेवढी हट्टानं मागं राहिली होती. सोजर माझ्या चटईवरची जुनी गिऱ्हाईक, जिभेची तिखट, खुरप्याला वाघीण. तिच्या नवऱ्याची, अंकुशची, छाती पहिल्यापासून नाजूक. दोन पायऱ्या चढला तरी भात्यासारखा वाजायचा. भट्टीची धूळ आणि धूर त्याला एक हंगामही सोसणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला देवाकडं एकच मागायचं होतं: गावात काम मिळू दे.

आणि साहेबरावांनी तेच दाखवलं होतं. संस्थेच्या मोठ्या बाई मुंबईहून पाहणीला येणार. गाव त्यांच्या मनात भरलं, तर मजुरांना वर्षभराचं काम काढतील. गवत लावायचं, पाणवठे खोदायचे. रडकी तोंडं बघून कुणी काम देतं का, असं ते घरोघर सांगत फिरले. तेव्हा बायांनी लग्नातली पातळं नेसून यायचं, प्रत्येकीला नोटा मिळतील, त्यांची खरेदी करायची, हसायचं. पाहुणे गेले की माल आणि नोटा ज्याच्या त्याला परत. फिरल्याबद्दल दिवसाची मजुरी.

"जन्मात पैल्यांदा बाजारात फिरायचा रोज मिळतुया," सोजर मला म्हणाली. तिनं ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलं होतं आणि पिशवीत एक कोबी घातला होता. "नवरा म्हणतुया, मलाबी ने. म्या म्हणलं, तू खोकलास तर बाजार उठंल."

पाहुणे आले ते दोन गाड्यांतून. पुढं नंदिता मॅडम, त्यांच्यामागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक दाढीवाला, आणि त्या दोघांच्या मधे साहेबराव, कमरेत वाकून. मॅडम दिसायला चांगल्या घरच्या, बोलायला मऊ. त्यांनी वांग्यांना हात लावला, पाळणा बघून हसल्या, जिलेबीचा तुकडा तोंडात घातला आणि चेहरा न बदलता गिळला. तेवढ्यापुरतं मला त्यांचं कौतुक वाटलं. मग त्या माझ्या चटईपुढं बसल्या आणि हात पुढं केला. हात इतका मऊ की बांगडी भरायला साबणसुद्धा लागला नाही.

"रोज इतकी गर्दी असते?" त्यांनी विचारलं.

साहेबराव म्हणाले, शुक्रवारी तर पाय ठेवायला जागा नसते, आज मंगळवार म्हणून जरा कमी आहे.

मॅडम दाढीवाल्याकडं वळल्या. "आपण उगाच घाबरत होतो. बाजार बसला असेल, मजुरांचे हाल असतील, तर वर्षभराचं काम काढायचं असं ठरवून आलो होतो आपण. इथं तर गरजच दिसत नाही. तो पैसा पुढच्या तीन गावांच्या जमिनीला लावता येईल."

"तेच तर मी म्हणतोय," साहेबराव म्हणाले.

सोजर मॅडमच्या मागंच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर साहेबरावांनी सांगितलेलं हसू होतं आणि ते तसंच राहिलं, उतरवायचं विसरून गेल्यासारखं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मॅडमच्या हातात शेवटची बांगडी सरकवली.

पाहुणे भांड्यांकडं सरकले. सोजर भाजीवाल्याकडं गेली, पिशवीतला कोबी काढून त्याच्या टोपलीत नीट ठेवला, परत आली आणि माझ्यापुढं मांडी घालून बसली. दोन्ही हात पुढं केले. किती महिन्यांनी बघत होते मी ते हात.

"भर, काकू."

"किती?"

"कोपरापतूर."

मी वाकून हळूच म्हटलं, अगं, संध्याकाळी सगळं परत द्यायचंय.

"कोबी परत देता येतुया," सोजर म्हणाली.

मी हिरवी माळ सोडली. खुरपणीचा हात कडक असतो. अंगठ्याचं हाड दाबून धरावं लागतं, बोटं जुळवावी लागतात आणि बाईनं हात सैल सोडावा म्हणून तिच्याशी काहीबाही बोलावं लागतं. त्या दिवशी मी नुसत्या बांगड्या मोजत गेले. हिरव्यावर हिरव्या चढत गेल्या. शेवटी रिवाजाप्रमाणं माझ्याकडची एक वर भरली, तिनं पदर सावरून मला नमस्कार केला, आणि मी आशीर्वाद दिला तो मनापासून दिला, कारण घरी ठेवलेल्या अंकुशची छाती मला जणू तिथूनही ऐकू येत होती.

सोजर उठून गेली आणि बायांच्या कानाशी लागली. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पण घटकाभरात पातेली भांडीवाल्याकडं परत गेली, वांगी टोपल्यांत परत गेली आणि माझ्या चटईपुढं रांग लागली. लग्नसराईतही माझा असा धंदा झाला नव्हता. दाढीवाला आनंदानं वेडा झाला. कधी उभा, कधी आडवा, एकेका हाताचे फोटो. सोजरला तर त्यानं हात आकाशाकडं धरायला लावले.

पाहुणे देवळात टेकले, तसा साहेबरावांचा माणूस माल गोळा करत फिरला. माझ्यापाशी येऊन तो नुसता उभा राहिला आणि मग जाऊन साहेबरावांनाच घेऊन आला.

"काकू, नोटा आणा," साहेबराव दबक्या आवाजात म्हणाले. "आणि त्यांच्या हातातलं उतरवून घ्या."

नोटा मी आधीच फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, त्या त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, "हे घ्या तुमचं. पण भरलेली बांगडी कासार परत घेत नाही, साहेबराव. तुमच्या आईच्या हातात मीच भरत होते. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"अहो, हे काय खरं भरणं होतं का?"

"हात खरे होते."

साहेबराव तांबडे झाले. तालुक्याच्या दुकानदाराकडून त्यांनी माझ्यापुढच्या माळा ठरवून आणल्या होत्या. उरतील तेवढ्या परत करायच्या बोलीवर. माझ्या पेटीत तेव्हा एवढा माल कुठला असणार?

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढवली म्हणतात. कासाराच्या तोंडून तर तो फुटण्याचा शब्द मेला तरी निघत नाही. मी चटईखालचा, माळा दाबायला ठेवलेला धोंडा काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"काच काही इतक्या कडक हातातून उतरत नाही. मग काय, फोडू? हाका मारा एकेकीला. मारुतीसमोर, तिच्या नवऱ्यादेखत. पाहुणेही बघतील."

पारावर पुरुष बसले होते. एकदोघांनी माना इकडं वळवल्या होत्या. साहेबरावांनी धोंड्याकडं पाहिलं, पाराकडं पाहिलं आणि नंतर बघतो म्हणून निघून गेले. त्यांचं नंतर बघणं मी पुष्कळ वर्षं बघत आले आहे.

मॅडमना कीर्तन ऐकायचं होतं, पण थोडं. साहेबरावांनी धोंडोबुवांना जीवदयेवर बोला आणि दहा मिनिटांत आटपा असं सांगितलं होतं. बुवा उभे राहिले. त्यांना बाजाराची खबर नव्हती, ते नुकतेच चालत येऊन पोचले होते. त्यांनी डोळे मिटून नाम घेतलं, पखवाजावर थाप पडली, गजर चढला, बायांनी टाळ्या धरल्या आणि काच वाजली.

बुवांचे डोळे उघडले. त्यांनी हात वर करून पखवाज थांबवला. त्यांचा चेहरा फुलला होता.

"लई दिवसांनी माझे मागचे टाळकरी आले," ते म्हणाले. "आज कुठला सण, माउली?"

सोजर उभी राहिली. हात जोडले, तशा बांगड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या.

"सण न्हाई, म्हाराज. ह्यो बाजार उसना हाय. भाजी उसनी, गिऱ्हाईक उसनं, आमच्या हातातल्या नोटाबी उसन्या. समदं परत द्यायचं हुतं. बांगडी तेवढी परत देता येत न्हाई म्हणून भरली. म्हणलं, कुणीतरी इचारील." मग ती मॅडमकडं वळली. तिचा आवाज खाली आला. "बाई, आमाला काम न्हाई. माझ्या मालकाला भट्टी सोसायची न्हाई. तुमी काम काढायला आला हुता न्हवं? तेवढं काढा."

मॅडमचा हात गळ्यातल्या माळेवर होता, तिथंच थांबला. मला वाटलं, झालं. देवानं ऐकलं.

तेवढ्यात साहेबराव मोठ्यानं हसले. टाळ्या वाजवत म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडचं भारूड. कीर्तनात एखादी बाई अशी उभी राहते, गाऱ्हाणं घालते, बुवा मग तिला उत्तर देतात. जुनी कला आहे."

मॅडमनी साहेबरावांकडं पाहिलं, सोजरकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती जिवंत," त्या म्हणाल्या. दाढीवाल्यानं वाजवल्या. तालुक्याहून रोजानं आणलेले भाजीवाले दारात उभे होते, त्यांनाही वाटलं वाजवायच्या असतील, त्यांनीही वाजवल्या.

मॅडमना खरंच कळलं नाही, की कळून त्यांनी सोय बघितली, हे मी अजून ठरवते आहे. कळलं नसेल, तर एवढं शिकून उपयोग काय झाला? आणि कळलं असेल, तर त्यांच्या मऊ हाताला माझा हात लागला, एवढंच मला वाईट वाटतं.

धोंडोबुवांनी टाळ खाली ठेवले. गळ्यातला हार काढून मारुतीच्या पायाशी वाहिला. मग ते बायांच्या बाजूला आले आणि सोजरपुढं जमिनीला डोकं टेकवलं. उठून साहेबरावांना म्हणाले, "कीर्तन झालं. हिच्यापुढं मला बोलता येत नाही." नारळ घेतला नाही, पाकीट घेतलं नाही, घोटभर पाणीही न पिता आल्या वाटेनं चालू लागले.

मॅडमना तेही भारुडातलंच वाटलं. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जाताना गाडीत बसण्याआधी त्यांनी माझ्या बांगड्या मऊ हातातून एकेक काढल्या आणि देवळाच्या पायरीवर ठेवल्या. हाताला रुतत होत्या म्हणे. गाड्या गेल्या, मग टेम्पो गेले, पाळणाही गेला. दिवस कलला तेव्हा पटांगणात एक कुत्रं जिलेबीचा पाक चाटत होतं. साहेबरावांनी बायांना फिरायची मजुरी दिली नाही, बांगड्यांत वळती केली. पुढच्या शुक्रवारी बाजाराला आम्ही तिघं होतो. त्याच्या पुढच्या महिन्यात मी एकटीच.

संस्थेचा पैसा पुढच्या तीन गावांकडं गेला. दिवाळी झाली आणि सोजर अंकुशला घेऊन भट्टीच्या ट्रकमध्ये चढली. ट्रक माझ्या घरापुढच्या खड्ड्यात आदळला, तेव्हा मागून काच वाजली. मी उंबऱ्यात उभी होते.

आता मी अभयारण्याच्या फाटकापाशी बसते. गाड्या येतात. पाण्याच्या बाटल्या, डबे, वेफरसुद्धा शहरातूनच घेऊन येतात, आणि कागद तेवढे आमच्याकडं ठेवून जातात. बाया माझ्या बांगड्या घालतात, फोटो काढतात, उतरवून परत देतात. साहेबरावांनी फाटकाशेजारी राहायच्या खोल्या बांधल्या आहेत. पाहुण्यांना गावाकडचं वाटावं म्हणून तिथं पहाटे कर्ण्यावर कीर्तन लावतात. बुवांचं नव्हे, बाजारातली तबकडी. हरणं मात्र खरंच वाढली. त्यांचा यात काही दोष नाही.

फाटकावर एक मोठी पाटी आहे. तिच्यावर दोन हात आहेत, आकाशाकडं धरलेले, कोपरापर्यंत हिरवेगार. खाली लिहिलंय: अभयारण्यानं भरले हात.

गेल्या माघात एक बाई त्या पाटीखाली येऊन उभी राहिली. अंगानं निम्मी झालेली, कपाळ मोकळं. हाक मारली तेव्हा ओळखली. अंकुश भट्टीवर दुसरा हंगाम काढू शकला नव्हता. तिथल्या बायांनी विटेच्या तुकड्यानं सोजरच्या बांगड्या फोडल्या होत्या. हे तिनं सांगितलं ते पाटीकडं बघत.

"हात कुणाचं गं हे एवढं?"

"तुझेच," मी म्हटलं.

तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. मग फसकन हसली. "बरी दिसतीया बाई. खाऊनपिऊन सुखी."

मी चटई झटकली आणि तिचा हात ओढला. तिनं तो मागं घेतला. म्हणाली, काकू, रीत हाय.

"रीत मला नको शिकवूस. साहेबरावाला परत घेऊ दिल्या नाहीत, त्या यमानं कुठल्या हक्कानं घेतल्या?"

एक गाडी फाटकात शिरली. काचेआडून कुणीतरी पाटीचा फोटो काढला. सोजर खाली बसली, पदरानं हात पुसला, माझ्यापुढं धरला आणि सैल सोडला.

"किती भरू?"

तिनं हनुवटीनं वर दाखवलं.

"तिच्याइतक्या."